बॉल आत होता

बॉल रेषेजवळ पडला की त्या खेळ थांबवायच्या, खुणेपाशी चालत जायच्या आणि रॅकेटच्या कडेनं मातीत त्या खुणेभोवती एक गोल काढायच्या. मग समोरच्याकडे बघून म्हणायच्या, "बघून घ्या." बॉल आत पडला की बाहेर, हे स्वतः सांगायच्या नाहीत. समोरच्यानं नेटला वळसा घालून यावं, वाकून बघावं आणि आपल्या तोंडानं सांगावं, अशी त्यांची अपेक्षा असे. आमच्या कोर्टावर येणारे बहुतेक लोक पोट कमी करायला येत. एका बॉलसाठी एवढं चालायची त्यांची तयारी नसे. "अहो मॅडम, तुमचाच पॉइंट घ्या ना," म्हणून ते तिथूनच हात हलवत. अशा वेळी मॅडमचा चेहरा दुकानदारानं सुट्या पैशांऐवजी गोळी हातावर ठेवल्यावर होतो तसा व्हायचा.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. म्हणणं शंभर टक्के बरोबर, आणि तरी त्याच्यापुढे बसलं की आपल्याला उठून जावंसं वाटतं. मॅडम त्यातल्या. त्यांचं नाव लिहीत नाही. वाचलं तर फोन करून चुका काढतील.

त्या केंद्र सरकारच्या एका खात्यात मोठ्या हुद्द्यावर होत्या. नवरा पुण्याला, मुलगी परदेशात आणि या बदलीवर एकट्या कोलकात्यात. सॉल्ट लेकच्या आमच्या कॉलनीत समोरच्या ब्लॉकमध्ये राहायच्या. मी बँकेतला, मीही बदलीवरच आलेला. म्हणून त्या मला सरळ 'बँकवाले' म्हणत. माझी बायको त्यांना ताई म्हणायची. माझं त्यांच्याशी नातं बँकवाले आणि मॅडम, एवढंच राहिलं.

कॉलनीच्या मागच्या अंगाला लाल मातीचं जुनं टेनिस कोर्ट होतं. विटांचा चुरा टाकून, पाणी मारून, रोलर फिरवून ते कसंबसं जिवंत ठेवलेलं. रोज सकाळी धुक्यात मॅडम तिथं हजर. ट्रॅक पँट, पूर्ण बाह्यांचा शर्ट, घट्ट अंबाडा आणि उजव्या गुडघ्याला पट्टा. पन्नाशी ओलांडलेली, तरी सर्व्हिस अशी की मी रॅकेट मागे नेईपर्यंत बॉल मागच्या जाळीला जाऊन लागलेला असायचा. मी त्यांच्याशी खेळायचो म्हणजे बॉल आणून द्यायचो.

"बँकवाले, तुम्ही बरे," त्या म्हणायच्या. "तुम्ही हरता ते खरं हरता."

हे कौतुक आहे की अपमान, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता आमच्या मंडळाबद्दल सांगायला हवं, कारण सगळी कटकट तिथूनच सुरू झाली. इथं मराठी घरं थोडी. बँकवाले, सरकारी नोकरीतले आणि अलीकडे सेक्टर फाइव्हच्या आयटी कंपन्यांतले. संक्रांतीनंतरच्या एका रविवारी मंडळाचा क्रीडादिन आमच्या कॉलनीत व्हायचा. सकाळी पोरांच्या शर्यती, दुपारी जेवण, संध्याकाळी हळदीकुंकू. इथल्या नव्या खजुरी गुळाचे तिळाचे लाडू, आणि ते वळताना फुटतात म्हणून दर वर्षीची रडारड. जेवण आणि हळदीकुंकू यांच्या मधल्या वेळात करमणूक हवी, म्हणून कुणीतरी पूर्वी कधी एक प्रथा पाडून ठेवली होती. महिला विरुद्ध पुरुष, टेनिसचा प्रदर्शनीय सामना.

प्रदर्शनीय म्हणजे काय, तर पुरुषानं डाव्या हातानं खेळायचं, किंवा कमरेला ओढणी बांधून खेळायचं, किंवा रॅकेटऐवजी झारा घेऊन यायचं. आमचे सेक्रेटरी माइकवरून कॉमेंटरी करायचे. "वहिनींनी आज लाटणं ठेवून रॅकेट धरली आहे, भाऊसाहेब, सांभाळा!" मग हशा. पाच-पाच गेम झाले की सामना बरोबरीत सोडवायचा, दोघांना लाडू द्यायचे, फोटो काढायचा. वर्षानुवर्षं हे असंच. त्यात कुणाला काही खटकत नव्हतं. मलाही नाही, खोटं कशाला बोलू?

मॅडम आल्याच्या पहिल्या हिवाळ्यात सेक्रेटरींनी मोठ्या आनंदानं त्यांचं नाव घातलं. युनिव्हर्सिटीकडून खेळलेली बाई मंडळात आली, म्हणजे मंडळाची शान. समोर एक बँक मॅनेजर. ते झारा घेऊन आले. मॅडमनी झाऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि सर्व्हिस केली. मॅनेजर झाऱ्यासकट बाजूला उडाले. लोक पोट धरून हसले. दुसरी सर्व्हिस. तिसरी. चौथ्या गेमपर्यंत हसू ओसरलं. मॅनेजर घामाघूम झाले, बायका लाडवांकडे निघाल्या आणि सेक्रेटरी माइक हातानं झाकून मला म्हणाले, "अहो, त्यांना सांगा ना, दोन-चार गेम सोडा म्हणावं. बरोबरीत संपवायचाय."

मी सांगितलं नाही. सांगायची हिंमत नव्हती. सामना मॅडमनी सरळ जिंकला. टाळ्या पडल्या त्या, पाहुण्यांच्या घरी मीठ जास्त झालेल्या आमटीला आपण 'छान आहे' म्हणतो, तशा.

संध्याकाळी त्या आमच्याकडे चहाला आल्या. बायकोनं अभिनंदन केलं, तर भडकल्याच.

"कसलं अभिनंदन? मी जिंकले कुठं? तो माणूस खेळलाच नाही."

"अहो ताई, गंमत असते ती."

"कुणाची?" त्यांनी विचारलं. बायको चहात साखर ढवळत राहिली. साखर आधीच विरघळलेली होती.

त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा सोलापूरची गोष्ट सांगितली. कॉलेजच्या कोर्टावर त्या एकट्याच मुलगी. सरावाला समोर मुलगेच. मास्तर मुलांना दटावायचे, "मुलगी आहे, जोरात मारू नका." मुलगे जोरात मारायचे नाहीत. पुढे मुलींच्या सामन्यांत त्या जिंकल्या, हरल्या, ते सगळं खरं होतं. पण ज्या मुलांबरोबर त्या रोज खेळल्या, त्यांच्याशी त्या एकदाही खऱ्या खेळल्या नाहीत. नोकरीतही तेच. अवघड दौरा आला की साहेब म्हणणार, मॅडम, तुम्ही राहू द्या.

"मला कुणाला हरवायचं नाहीये हो बँकवाले," त्या म्हणाल्या. "मला हरायचंय. एकदा, पूर्ण कोर्टावर, पूर्ण जोरानं. सहा-शून्य होऊ दे. पण तो शून्य माझा असू दे. आता हा गुडघा किती दिवस साथ देणार?"

एवढीच मागणी. पुढची दोन वर्षं मी पाहिलं की माणसं एखाद्याला काहीही द्यायला तयार असतात, मागेल ते सोडून.

दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत मंडळात ओंकार नावाचा एक मुलगा आला होता. मुलगा म्हणजे तिशी ओलांडलेला, आयटीत नोकरी, नुकतं लग्न झालेलं. शाळेत असताना राज्यपातळीवर खेळलेला. त्याचा हात चालताना पाहिला आणि मॅडमचे डोळे चमकले. त्या स्वतः त्याच्याकडे गेल्या.

"क्रीडादिनाला माझ्याशी खेळशील?"

"हो काकू, मजा येईल."

"मजा नको. खेळ हवा. सवलत द्यायची नाही. आणि कोर्टावर मी काकू नाही."

"हो काकू," तो म्हणाला.

इथंच मी ओळखायला हवं होतं.

सामन्याच्या दिवशी ओंकार झारा न घेता, नीट पांढऱ्या कपड्यांत आला. मला बरं वाटलं. पहिले दोन-चार पॉइंट झाले आणि माझ्यासारख्या बॉल उचलणाऱ्याच्याही ध्यानात आलं. पोराचा बॉल बाहेर जात होता, पण फार शिस्तीत. दर वेळी रेषेच्या वीतभर बाहेर. चुकणारा माणूस असा मोजून चुकत नाही. मॅडमच्या ध्यानात ते माझ्या आधीच आलं असणार. त्या पुढच्या बॉलपाशी गेल्या. बॉल चांगला वीतभर बाहेर पडला होता. त्यांनी खुणेभोवती गोल काढला आणि मोठ्यानं म्हणाल्या, "आत आहे. पॉइंट तुझा."

ओंकार गोंधळला. "नाही काकू, बाहेर आहे."

"आत आहे."

पुढचा बॉल त्यानं आणखी बाहेर मारला. त्यांनी तोही आत दिला. मग तो नेटमध्ये मारायला लागला. मग त्या सर्व्हिस मुद्दाम नेटमध्ये मारायला लागल्या. दोघंही एकमेकांना पॉइंट देताहेत, 'तुम्ही घ्या', 'नाही, तू घे', आणि मॅडमचा चेहरा रागानं लालबुंद. तुम्ही तिथं असता तर काय केलं असतं? आमच्या लोकांनी टाळ्या पिटल्या. इतका विनोदी सामना मंडळाच्या इतिहासात झाला नाही म्हणे. सेक्रेटरींना तर हसून हसून ठसका लागला. "काय अॅक्टिंग करतात मॅडम! बघा, रागावल्यासारखं तोंड बघा!" हे माइकवरून.

मॅडमनी रॅकेट कव्हरमध्ये घातली आणि कोर्ट सोडलं. त्यालाही टाळ्या. सामना अर्थातच बरोबरीत सुटला, आणि त्यांच्या वाटणीचे लाडू घरपोच करायला मला पाठवलं.

दार उघडून त्यांनी डबा घेतला. "बघा बँकवाले," म्हणाल्या, "एके काळी मराठे येताहेत म्हणून या शहरानं बागबाजारपासून खंदक खणायला घेतला होता. आणि आता एक मराठी बाई आली, तर तिला बॉल हळू टाकतात. ते सुद्धा मराठीच." हसल्या, पण डोळ्यांत पाणी होतं. आमच्या हापिसातले बंगाली सहकारी मला चेष्टेनं 'बोर्गी' म्हणतात, लुटारू मराठा घोडेस्वार म्हणून, ते मी सांगितलं. तो विनोद तिथं चालला नाही.

तिसऱ्या हिवाळ्याच्या तोंडाशी डॉक्टरांनी गुडघ्याचा एक्स-रे बघून खेळ बंद करायला सांगितलं. त्याच सुमारास ऑफिसात त्यांच्या बदलीची कुजबुज सुरू झाली. त्या मला काही म्हणाल्या नाहीत. सकाळी कोर्टावर यायच्या, पट्टा आवळायच्या, सर्व्हिस करायच्या आणि माझे परतीचे बॉल सोडून द्यायच्या. मलाच बघवेना. मी ओंकारला गाठलं.

"काका, तुम्हीच सांगा," तो म्हणाला, "मी जिंकलो तर काय होणार? आईच्या वयाच्या बाईला हरवलं म्हणतील. आणि हरलो तर? ऑफिसात तोंड दाखवायला जागा नाही. माझ्यासाठी या सामन्यात आहे काय?"

पोरगं अगदी खरं बोलत होतं. म्हणून तर सगळे झारे घेऊन येत असावेत. झारा घेतला की हरणं-जिंकणं आपल्या अंगाला लागत नाही.

"कुणी बघणार नाही," मी म्हटलं. "सकाळी लवकर. तू, त्या आणि बॉल आणायला मी. माइक नाही, मंडळ नाही. तू एकदा खरा खेळ. त्यांना तेवढंच हवंय."

शेवटी तो म्हणाला, "ठीक आहे. पण मग मी खरंच खेळेन हं काका."

मी घरी येऊन हे बायकोला सांगितलं. बायकोनं फक्त आपल्या एका मैत्रिणीला सांगितलं. मैत्रिणीनं कुणालाही सांगितलं नाही, फक्त मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं. हे मला नंतर कळलं.

त्या सकाळी धुकं एवढं होतं की पलीकडची बेसलाइन धूसर दिसत होती. टॉस मॅडमनी जिंकला, सर्व्हिस घेतली. पहिला बॉल ओंकारनं असा परत मारला की त्या जागेवरच उभ्या राहिल्या. बॉल त्यांच्या पायाशेजारून गेला. त्यांनी मागे वळून खूण पाहिली, आणि हसल्या. तीन हिवाळ्यांत कोर्टावर त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. सोलापूरच्या कोर्टावरची ती मुलगी कशी दिसत असेल, ते मला त्या वेळी कळलं.

मग खेळ झाला. काय सांगू! पोरगं सपासप मारत होतं. मॅडम धावत होत्या, पोचत नव्हत्या, पोचल्या तर परत मारत होत्या आणि प्रत्येक गमावलेल्या पॉइंटनंतर "शाब्बास!" म्हणत होत्या. चार-शून्य झालं. पाचव्या गेममध्ये त्यांनी त्याला एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात पळवून पळवून एक गेम काढला. खरा गेम. पोरगं धापा टाकत कमरेवर हात ठेवून उभं होतं. त्यानं सोडला नव्हता, मी बघत होतो.

चार-एक. ओंकारची सर्व्हिस. एवढ्यात जाळीपाशी माणसं दिसायला लागली. आधी मंकी टोप्या घालून सकाळी फिरणारे कॉलनीतले बंगाली आजोबा-आजी. मग आमची मराठी मंडळी, थर्मास घेऊन. शेवटी मफलर गुंडाळलेले सेक्रेटरी. नशीब, माइक नव्हता.

"ओ मा, दिदिके एतो जोरे मारछे केनो?" एका आजींनी कळवळून विचारलं. दीदीला एवढ्या जोरात का मारतोय, एवढाच त्यांचा प्रश्न. तो हळूहळू सगळ्यांचा झाला. "अरे ओंकार, जरा बेतानं!" "गुडघा आहे त्यांचा!" "बाईमाणूस आहे, काय हे!" ओंकारची मान खाली जायला लागली. मॅडम बेसलाइनवरून ओरडल्या, "तिकडे बघू नकोस! बॉल बघ!"

चाळीस-तीस. गेम घ्यायला ओंकारला एक पॉइंट हवा होता. सर्व्हिस केली, मॅडमनी परत केली, पाच-सहा फटके झाले. सवय मोडत नाही म्हणा किंवा हातातला खेळ मनाचं ऐकत नाही म्हणा, पण ओंकारनं एक बॉल असा खोल मारला की तो थेट बेसलाइनवर आदळला. रेषेच्या चुन्याची धूळ उडाली. मॅडम पोचल्या नाहीत.

"आउट!" जाळीपासून सेक्रेटरी ओरडले. "आउट! चाळीस-चाळीस, ड्यूस!"

मॅडम खुणेपाशी गेल्या. रॅकेटच्या कडेनं सावकाश गोल काढला. बॉलची अर्धी खूण चुन्यावर होती, म्हणजे बॉल आत. माझ्या आजीलाही चष्म्याशिवाय दिसली असती.

"बघून घ्या," त्या म्हणाल्या.

आणि या वेळी सगळे आले. आजवर कधी कुणी त्या गोलापाशी आलं नव्हतं, त्या सकाळी सगळं कॉलनी-मंडळ आलं. वाकले, बघितलं, पुन्हा बघितलं. सेक्रेटरी म्हणाले, "बाहेर आहे." मॅनेजर म्हणाले, "चांगला दोन बोटं बाहेर." बायका म्हणाल्या, "ताई, बाहेरच आहे हो." एक बंगाली आजोबा खाली वाकून "लाइनेर ओपोर तो..." म्हणजे 'रेषेवर तर...' असं बोलायला लागले, तर त्यांच्या बायकोनं "तुमि चुप कोरो" म्हणून त्यांची बाही ओढली. मी म्हटलं, "आत आहे. धडधडीत आत आहे." माझ्या बायकोनं मला असा चिमटा काढला की दोन दिवस दंड हिरवा होता.

सगळ्यांच्या चेहऱ्यावर माया होती. त्याचाच मला अजून राग येतो. वाईट माणसं असती तर भांडता तरी आलं असतं.

मॅडमनी कुणाकडे पाहिलं नाही. ओंकारला म्हणाल्या, "तू सांग."

ओंकारनं खूण पाहिली. सेक्रेटरींकडे पाहिलं, थर्मास धरून उभ्या बायकांकडे पाहिलं, मॅडमच्या गुडघ्याकडे पाहिलं.

"काकू," तो म्हणाला, "आउट आहे."

"हे!" सेक्रेटरींनी टाळी वाजवली. "ड्यूस! चला, खेळा, खेळा."

मॅडमनी रॅकेट कव्हरमध्ये घातली, चेन ओढली आणि लंगडत घराकडे गेल्या. कुणीतरी म्हणालं, दमल्या बिचाऱ्या. ओंकार बराच वेळ त्या गोलापाशी उभा होता. दुपारी रोलर फिरला आणि गोल गेला.

महिन्याभरात बदलीचा हुकूम आला. मंडळानं निरोप समारंभ केला, आणि तिथं सेक्रेटरींनी त्यांना एक चकचकीत कप दिला. त्यावर कोरलेलं, 'विजेती'. "आमच्या मॅडम कोलकात्यात एकदाही हरल्या नाहीत!" हे ते अगदी मनापासून म्हणाले. मॅडमनी कप घेतला, आभार मानले. जाताना टॅक्सी खाली उभी असताना तो माझ्या हातात दिला.

"त्या पोराला द्या. त्याचा आहे."

"तुम्हीच द्या ना, बोलावतो त्याला."

"नको. बघून सुद्धा ज्याला दिसत नाही, त्याला मी काय देऊ?" त्या टॅक्सीत बसल्या, काच खाली करून म्हणाल्या, "बँकवाले, तुम्ही आत म्हणालात. ऐकलं मी." आणि गेल्या.

ओंकारनं कप घेतला नाही. "काकूंचा आहे," म्हणाला. मॅडम घेत नाहीत, तो घेत नाही. दोन वर्षं तो आमच्या टीव्हीखाली पडून आहे. बायको त्यात रिमोट ठेवते.

मॅडम पुढे निवृत्त होऊन पुण्याला गेल्या. गुडघा बदलला. बायकोला फोन करतात, सध्या चालते म्हणतात, धावत नाही. कोर्टाचं म्हणाल तर गेल्या वर्षी कमिटीनं लाल माती उपसून सिमेंट ओतलं, हिरवा रंग दिला. देखभाल नको, पाणी नको, रोलर नको. आता त्यावर बॉलची खूणच उमटत नाही.

या वर्षीचा प्रदर्शनीय सामना त्या सिमेंटवर झाला. अंपायर ओंकार. एक नवी लग्न होऊन आलेली मुलगी खेळत होती, हात बरा होता तिचा. समोरच्याचा बॉल रेषेपाशी पडला. ती म्हणाली, "आत होता ना?" सेक्रेटरी माइकवरून म्हणाले, "आउट, आउट! वहिनींचा पॉइंट!" मुलीनं खाली पाहिलं. हिरवं सिमेंट. बघण्यासारखं तिथं काही नव्हतं. तिनं खांदे उडवले आणि हसून खेळायला लागली.

ओंकार संध्याकाळी आमच्याकडे आला. त्याची छोटी मुलगी त्याच्या कडेवर. बसला, लाडू हातात धरला, खाल्ला नाही. टीव्हीखालच्या कपाकडे बघत म्हणाला, "काका, तो बॉल आत होता."

माझं डोकंच फिरलं. "मला काय सांगतोस? मी तेव्हाच ओरडलो होतो, दंड हिरवा करून घेतला! ज्यांना सांगायला हवं त्यांना सांग!" आणि रागारागात मी पुण्याचा नंबर लावून फोन त्याच्या हातात दिला, स्पीकर चालू करून. बायको हातानं 'नको, नको' करत होती.

"बोला बँकवाले," तिकडून आवाज आला.

"काकू, मी ओंकार." "काकू, तो बॉल आत होता."

तिकडे चालू असलेला टीव्ही बंद झाला.

"बघितला होतास?"

"हो. तेव्हाच."

"एवढं सांगायला दोन वर्षं लागली तुला?" चिडल्या होत्या. अगदी पूर्वीसारख्या. मला काय बरं वाटलं म्हणून सांगू! "मग स्कोअर काय झाला?"

ओंकारनं मुलीला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. "पाच-एक," तो म्हणाला. "पाच-एक, मॅडम. मी पुढे."

"हां," त्या म्हणाल्या. मोठा श्वास सोडल्याचा आवाज आला. "मग आता सर्व्हिस माझी."

फोन त्यांनीच ठेवला. ओंकारनं कपातला रिमोट काढून बायकोच्या हातात दिला, कप उचलला आणि मुलीला घेऊन तो घरी गेला.